लाइटीची शेजपाळी

जानेवारीतली रात्र. जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यातल्या मोसंबीच्या बागांवर थंडी उतरलेली. गावात सगळे झोपलेले आणि शिवारात विहिरीच्या कडेला लाकडी खांबावर ठोकलेल्या पत्र्याच्या पेट्या मुक्या उभ्या. ठरल्या वेळी ३३ केव्ही उपकेंद्रातला ऑपरेटर शेतीच्या फीडरचा ब्रेकर चालू करतो. क्षणभर काही होत नाही. मग एका पेटीत ‘खट्’ वाजतं, पलीकडच्या मळ्यात दुसरं आणि पाठोपाठ सगळीकडे. मोटारी घुमू लागतात, झोपडीतला दिवा मंदावतो, डीपीचा, म्हणजे रोहित्राचा, आवाज जड होतो. माणूस जागेवर नाही, तरी पाणी चालू झालं. पेटीतल्या त्या छोट्या यंत्राला सगळा मराठवाडा एकाच नावानं ओळखतो: ऑटो.

ऑटो दिसायला क्षुल्लक आहे. हातात मावणारा डबा, चार-सहा वायरी, एक-दोन दिवे आणि वेळ लावायचा स्क्रू. पण वीज आल्यावर किती वेळ थांबायचं, मोटर कधी सुरू करायची, फेज गेली तर कधी तोडायची, हा सगळा क्रम त्याच्या पोटात लिहिलेला असतो. प्रयोगशाळेतला अभियंता प्रत्यावर्ती विजेच्या स्रोतावर ‘इतके व्होल्ट इतके सेकंद, मग इतके’ असा कार्यक्रम बसवतो, त्याच जातीचं हे काम. फरक इतकाच की इथं स्रोत शेतकऱ्याच्या हाती नाही. तो कोसावरच्या उपकेंद्रात आहे आणि त्याचं वेळापत्रक त्याहून दूर ठरतं. या ऑटोचा माग काढत मागे गेलं की गोष्ट विजेच्याही पलीकडे, पाण्याच्या पाळीपर्यंत पोहोचते.

आधी पाळी होती

मोटेच्या काळी पाण्याची वेळ बैलांच्या दमावर ठरे. धावेवरून बैल उतरले की नाडा ताणला जाई, मोट वर येई, सोंदूर ओढला की पाणी थारोळ्यात पडे. पहाटे जुंपलेली मोट ऊन चढलं की सुटे. एकाच विहिरीवर चार भावांचा हक्क असला तर दिवस वाटून घेतलेले असत. ज्याचा जितक्या आण्यांचा हिस्सा, तितके त्याचे दिवस. ही वाटणी सातबारावरच्या सामाईक विहिरीच्या नोंदीत अजून जिवंत आहे, आणि भावकीच्या भांडणांतही.

कालव्यावर हीच वाटणी मोठी होऊन आली आणि तिला सरकारी नाव मिळालं: शेजपाळी. शेतकऱ्यानं सात नंबरचा अर्ज भरायचा, मंजुरीचा पास घ्यायचा आणि चारीवर आपली पाळी आली की पाणी घ्यायचं. पाळी शेपटाकडून तोंडाकडे यायची, म्हणजे सगळ्यांत शेवटच्या शेताचं भरणं आधी. तोंडाशी बसलेल्याला पाणी आपोआप मिळतं, शेपटाला मिळत नाही, हे ओळखून घडवलेला हा क्रम आहे. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी धरणाचं उद्घाटन केलं. पैठणचा डावा कालवा अंबड, घनसावंगी, परतूर भागांतून परभणीकडे जातो. त्याच्या चाऱ्यांवर शेजपाळी हा शब्द जालन्याच्या शेतकऱ्याच्या रोजच्या बोलण्यात रुळला.

पाण्याची वेळ पिकाच्या पोटातही असते. मोसंबीला आंबिया बहार धरायचा तर आधी ताण द्यावा लागतो. जमिनीच्या मगदुराप्रमाणे साधारण एक ते दोन महिने पाणी बंद. झाड उपाशी राहतं, पानं गाळतं, मग ताण तोडून हलकं पाणी, त्यानंतर वाढतं पाणी. हा क्रम चुकला की फूल कमी लागतं किंवा गळतं. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या मानांकनामागे मातीइतकाच हा वेळेचा हिशेबही आहे.

घड्याळ आणि खटका

वेळेवर आपोआप उघडमीट करणारा खटका विजेआधी गॅसच्या दिव्यांसाठी तयार झाला. रस्त्यावरचे दिवे लावत हिंडणाऱ्या माणसाचं काम घड्याळावर सोपवायचं, ही त्यामागची कल्पना. इंग्लंडमधल्या बाथ शहरातल्या हॉर्स्टमन कंपनीनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत असे घड्याळी खटके बनवले. ऋतूप्रमाणे सूर्यास्त मागेपुढे होतो, तशी त्यांची तबकडीही वर्षभर सरकत राही.

पुढची उडी अमेरिकेतल्या हेन्री वॉरन यांची. मॅसॅच्युसेट्समधल्या या संशोधकानं विजेच्या लहरींच्या तालावर फिरणारं घड्याळ बनवलं. पण ते वेळ दाखवायला लावलं तर ती चुके, कारण वीजकेंद्राची वारंवारताच स्थिर नव्हती. म्हणून १९१६ मध्ये त्यांनी बॉस्टनच्या वीज कंपनीत प्रमाण घड्याळ बसवलं आणि जनित्रांना त्याच्या मागे चालायला लावलं. तेव्हापासून प्रत्यावर्ती वीज नुसती ताकद राहिली नाही, ती घड्याळही झाली. आपल्याकडे सेकंदाला ५० आवर्तनं. जनित्रांवर भार जास्त झाला की हा आकडा घसरतो, भार कमी झाला की चढतो. तारेत किती ओढ आहे हे या नाडीवरून कळतं, आणि पुढे भारनियमनाची सगळी गोष्ट या नाडीवरच घडली.

हिरवं बटण कुणासाठी?

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ. १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झाल्यावर खेड्यापाड्यांतल्या तारांना पैसा मिळू लागला. मग १९७२ चा दुष्काळ आला. विहिरी खोल गेल्या, खोल पाण्याला मोट पुरेना. आधी ऑइल इंजिन, मग विजेची मोटर. शेतीच्या जोडण्या वाढत गेल्या आणि बिल मीटरऐवजी हॉर्सपॉवरवर लागू लागलं.

मोटरीबरोबर स्टार्टर आला. त्यात हिरवं बटण, तांबडं बटण आणि आत एक कॉइल. हिरवं दाबलं की कॉइल संपर्क ओढून धरते. वीज गेली की कॉइल सुटते आणि वीज परत आली तरी मोटर आपण होऊन सुरू होत नाही. कुणीतरी येऊन पुन्हा हिरवं दाबावं लागतं. ही रचना कारखान्यासाठी झाली. लेथवर काम करणाऱ्याचा हात यंत्रात असताना वीज गेली आणि अचानक आली तर हात जाईल, म्हणून यंत्रानं माणसाच्या परवानगीची वाट पाहायची. शहाणी आणि माणसाची काळजी घेणारी योजना.

शेतात आल्यावर मात्र याच योजनेनं माणसाला रानात ओढलं. कारखान्यात कामगार यंत्रापाशी उभा असतो. शेतात यंत्र विहिरीवर आणि माणूस घरी. मध्ये दोन किलोमीटरची पाणंद, काळी चिखलमाती, साप, विंचू, ओल्या पेटीतला झटका. लाइट रात्री दोनदा गेली तर दोनदा जायचं. हिरवं बटण दाबण्यासाठी या जिल्ह्यातल्या बापांनी आणि पोरांनी किती रात्री जागवल्या, त्याची नोंद कुठल्याच दप्तरात नाही. ऑटोचा जन्म त्या जागरणातून झाला.

वेळापत्रक येतं

विसावं शतक संपताना विजेची मागणी वाढत होती आणि नवी निर्मिती थांबलेली. दाभोळचा वीजप्रकल्प २००१ मध्ये बंद पडला. २००५ पासूनची काही वर्षं राज्यात भारनियमनाची गेली. विजेची हानी जास्त आणि वसुली कमी, तिथं अंधार जास्त, अशी गटवारी झाली. मराठवाड्यातल्या अनेक गावांनी दिवसातले अर्ध्याहून अधिक तास विजेविना काढले. लाइट कधी येणार हे सांगणारा कागद आठवड्याच्या बाजाराइतकाच महत्त्वाचा झाला.

तो कागद ठरवणारी साखळी लांब आहे. १ जुलै २००२ पासून देशाच्या वीज-ग्रिडच्या पश्चिम विभागात नवी दरपद्धती आली. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडून प्रत्येक भागात कुठल्या राज्यानं किती वीज घ्यायची हे आदल्या दिवशी ठरू लागलं. ठरल्याहून जास्त ओढली आणि तेव्हा वारंवारता ५० च्या खाली असली तर जबर दंड. आपल्या पूर्वजांनी दिवसाच्या साठ घटका केल्या होत्या, ग्रिडनं ९६ केल्या. कळव्याच्या राज्य भारप्रेषण केंद्रातून निरोप निघतो, उपकेंद्रातला ऑपरेटर ब्रेकर पाडतो आणि परतूरच्या शिवारात मोटर थांबते.

गावात दिवा तरी असावा म्हणून उपाय निघाले. अक्षय प्रकाश योजनेत गावांनी संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी मोटारी बंद ठेवायच्या आणि बदल्यात घरांना वीज मिळवायची. कुणावर सक्ती नव्हती, सगळा भार गावाच्या शब्दावर. पुढे रात्री सिंगल फेज देऊन दिवे चालू आणि मोटारी बंद ठेवायची पद्धत आली, आणि मग गावठाण फीडर वेगळे करण्याची योजना. शेतकऱ्यांनी सिंगल फेजवरही मोटर फिरवायच्या युक्त्या काढल्या. कंडेन्सर लावून हरवलेली फेज उभी केली. मोटर फिरे, पण तापे आणि जळे. त्या युक्तीला दोष देण्याआधी करपणारं पीक पाहणाऱ्याची रात्र आठवावी.

शेवटी शेतीसाठी चक्राकार वेळापत्रक स्थिर झालं. आठवड्यातले काही दिवस दिवसा आठ तास थ्री फेज, काही दिवस रात्री आठ किंवा दहा तास. म्हणजे पाळी पुन्हा आली. पण शेजपाळीत शेजारी एकमेकांना ओळखत होते. या पाळीत शेतकऱ्याचा शेजारी म्हणजे अख्ख्या राज्याची मागणी.

ऑटोची घडण

ऑटो या वेळापत्रकाचं अपत्य. सुरुवातीचा साधा ऑटो वीज आली की हिरवं बटण दाबल्यासारखं करी, एवढंच. मग त्याला अनुभवानं शहाणपण येत गेलं. तिन्ही फेज आहेत का हे पाहणं आलं, कारण दोन फेजवर मोटर गुरगुरत जळते. उलट्या फेजवर पंप उलटा फिरू नये म्हणून क्रम तपासणं आलं. विहीर आटली की मोटर कोरडी चालू नये म्हणून करंटवर लक्ष आलं. आणि वीज आल्यावर लगेच न उठता काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत थांबण्याचा टायमर आला.

असा डबा बाजारात जाण्याआधी टेबलावर तपासायचा तर हाती शेतातल्यासारखी वीज हवी आणि ती हुकमी हवी. तिथं प्रोग्रॅम करता येणारा प्रत्यावर्ती स्रोत कामाला येतो. त्यात पायऱ्या लिहितात: ४१५ व्होल्ट, तिन्ही फेज, पाच मिनिटं, मग एक फेज शून्य, दोन सेकंद, मग तिन्ही शून्य, दहा सेकंद, मग ३२० व्होल्ट, एक मिनिट, पुन्हा पहिल्यापासून. ५० हर्ट्झला एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं, त्यामुळे अर्ध्या आवर्तनाचा, म्हणजे १० मिलिसेकंदांचा झोलही हुबेहूब देता येतो. डबा कुठं चुकतो हे शेकडो फेऱ्यांत कळतं. पायऱ्यांची ती यादी वाचली की शिवारातली एक वाईट रात्रच क्रमवार लिहून काढल्यासारखी वाटते. ज्यानं ती रात्र पाहिली नाही, त्याला ती यादी नीट लिहिताच येणार नाही.

शिवारातली रात्र आणि यंत्र यांची ही जोडणी कुणी मनापासून केली याचं नाव घ्यायचं तर पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचं घ्यावं लागेल. पंप चालू करायला आजोबांना रात्री-अपरात्री चालत जावं लागे, ही त्यांच्या मनातली जुनी ठसठस. तिच्यातून ‘नॅनो गणेश’ घडलं. शेतात वीज आहे की नाही हे मोबाइलवर कळतं आणि तिथूनच मोटर चालू-बंद करता येते. २००९ मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळालं. ऑटो माणसाच्या जागी निर्णय घेतो. मोबाइल स्टार्टरनं निर्णय पुन्हा माणसाच्या हाती दिला आणि फक्त चालणं वाचवलं.

भट्टीची रात्र

जालना शहराच्या औद्योगिक वसाहतीत रात्रीचं दुसरं रूप दिसे. इथल्या पोलाद उद्योगाच्या इंडक्शन भट्ट्यांत ५० हर्ट्झची वीज आधी एकदिश होते, मग सेकंदाला शेकडो आवर्तनांची होऊन भंगार वितळवते. भट्टीला नवं अस्तर लावलं की ते पक्कं होईपर्यंत वीज पायरीपायरीनं, तासांच्या हिशेबानं चढवावी लागते. घाई केली तर अस्तर तडकतं. भट्टीवाल्यांचं वेळापत्रक दरपत्रकानं ठरवलं. रात्री १० ते सकाळी ६ युनिटमागे दीड रुपयाची सूट आणि संध्याकाळी ६ ते १० जादा आकार, असा हिशेब बरीच वर्षं चालला. एकाच जिल्ह्यात भट्टीला रात्र स्वस्त म्हणून हवी होती आणि शेतकऱ्याला ती नाइलाजानं घ्यावी लागत होती. एकाला किमतीनं बोलावलं, दुसऱ्याला ब्रेकरनं. २०२५ च्या दर आदेशांनी सवलत रात्रीवरून दिवसा, सकाळी ९ ते संध्याकाळी ५ कडे वळवली, कारण आता दुपारी सौर वीज भरपूर असते.

डीपीवरचं गणित

आता पुन्हा त्या पहिल्या रात्रीकडे. फीडर चालू झाला आणि सगळे ऑटो एकदम उठले. महावितरण वर्षानुवर्षं विनवते की ऑटो काढा, कपॅसिटर बसवा, नाहीतर रोहित्र जळतं. त्यामागचं गणित सोपं आहे. ५ एचपीची मोटर चालताना साधारण साडेसात अँपिअर घेते, पण उठताना त्याच्या सहापट, म्हणजे ४५ च्या आसपास. १०० केव्हीएची डीपी सुमारे १३३ अँपिअर देऊ शकते. तिच्यावर अशा पंधरा मोटारी असतील तर चालताना ११२ अँपिअर होतात, सुखानं पेलतात. पण एकदम उठताना मागणी होते ६७५ ची, म्हणजे डीपीच्या ताकदीच्या पाचपट. व्होल्टेज बसतं. ते ७० टक्क्यांवर आलं की मोटरचा जोर निम्म्यावर येतो. मोटर उचलत नाही, नुसती घुमते आणि जबर करंट ओढत राहते. फ्यूज उडतो. कुणी जाड तार घालतं. मग कधीतरी डीपीच जाते आणि नवी येईपर्यंत पंधरा जणांचं पीक उन्हात उभं राहतं.

प्रत्येक ऑटो आपल्या मालकाचं हित बरोबर साधतो. पंधरा मिळून पंधरांचं नुकसान करतात. दोष यंत्रात नाही, ती एकमेकांना ओळखत नाहीत यात आहे.

हेच गणित शेजपाळीनं करून पाहू. पंधरा शेतकऱ्यांनी बसून ऑटोचे टायमर एकेका मिनिटाच्या अंतरानं लावले, डीपीपासून सगळ्यांत लांबच्या मोटरीला पहिला नंबर, कारण तिच्याकडे जाताना तारेत व्होल्टेज सगळ्यांत जास्त पडतं. मग शेवटची मोटर उठताना १४ मोटारींचे १०५ आणि तिचे ४५, मिळून १५० अँपिअर, तेही काही सेकंदच. एवढं डीपी सहज सोसते. पंधरा मोटारी पंधरा मिनिटांच्या आत सुरू होतात, म्हणजे ग्रिडच्या ९६ भागांतल्या एका भागात. कुणाचंही पाणी आठ तासांत पाव तासाहून जास्त उशिरा येत नाही. नवं काही विकत घ्यायचं नाही, डब्यावरचा तो स्क्रू फिरवायचा. लागतो तो पारावर बसून ठरवलेला शब्द आणि तो पाळणारे शेजारी. शेपटाकडून तोंडाकडे, हा क्रम आपल्या आजोबांना ठाऊक होता. मला वाटतं, ऑटोत आजवर घातलेल्या कुठल्याही सुधारणेपेक्षा ही सुधारणा मोठी ठरेल.

सूर्याचं वेळापत्रक

दिवसा वीज द्या, ही शेतकऱ्यांची जुनी मागणी आता सूर्याच्या आधारानं पुढे सरकते आहे. २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प आणि त्याची वीज थेट शेतीच्या फीडरला. २०२४ च्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत खुल्या गटातल्या शेतकऱ्यानं दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यानं पाच टक्के हिस्सा भरायचा. या पंपाचा कंट्रोलर ऑटोच्या पुढची पिढी आहे. प्रत्यावर्ती स्रोतच शेतात आला. सकाळी कोवळ्या उन्हात कंट्रोलर मोटर कमी आवर्तनांवर हळू उठवतो, ऊन चढेल तशी गती वाढवतो, दुपारी पूर्ण जोर, संध्याकाळी पुन्हा हळू. झटका नाही, हिरवं बटण नाही, रात्रीचं रान नाही.

ज्या घरात सर्पदंशानं माणूस गेला आहे, त्या घराला या दिवसाची किंमत विचारावी. तरीही एक गोष्ट मनात धरून ठेवावी लागेल. आजवर लाइटीच्या टंचाईनं विहिरीवर नकळत एक पाळी लादली होती. ती आता उठते आहे. जालन्याच्या काळ्या खडकात पाणी थोडं आणि भेगांपुरतंच साठतं. २०१२-१३ च्या दुष्काळात इथल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, आणि त्याच काळात परळीचं औष्णिक वीजकेंद्रही पाण्यावाचून बंद ठेवावं लागलं होतं. वीज होती तरी उपसायला पाणी नव्हतं, आणि पाणी नव्हतं म्हणून परळीत वीजही बनत नव्हती.

त्यामुळे हा माग जिथून निघाला तिथंच परत येतो: सामाईक विहिरीच्या काठावर, जिथं भावाभावांनी दिवस वाटून घेतले होते. उद्या तिथं ऊन सगळ्यांना सारखं मिळेल आणि कंट्रोलर सगळ्यांचे एकाच वेळी उठतील. तेव्हा कुणाची मोटर किती तास चालेल हे कळव्याहून कुणी सांगणार नाही. ते त्या काठावर बसलेल्यांनाच ठरवावं लागेल, शेपटाच्या शेताला आधी विचारून.